उजव्या खिशाचा कोट

माझ्या दुकानात नवीन काही शिवून मिळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर हा अंक वाचून कोणीतरी उद्या चार ब्लाउजपीस घेऊन दारात उभं राहील आणि मला उगाच तोंड वाजवावं लागेल.

करी रोडला आमची चाळ अजून टिकून आहे. समोर टॉवर उठलेत, मधल्या गल्लीत जिन्याखाली माझा गाळा आहे. तिथे मी जुने कपडे पुन्हा अंगावर चढतील असे करून देते. आजीचं नऊवारी, पणजोबांचा कोट, आईच्या लग्नातलं फुग्याच्या बाह्यांचं पोलकं. पूर्वी असलं काम गरजेपोटी यायचं, आता हौसेपोटी येतं. त्याला व्हिंटेज म्हणतात, हे मला एका गिऱ्हाइकानेच शिकवलं. मी म्हटलं, बाई गं, आमच्याकडे तर सगळंच व्हिंटेज आहे, मीसुद्धा.

काम शिकले ते अण्णांच्या हाताखाली. अण्णा म्हणजे माझे वडील, कोटाचे कारागीर. गावाकडचे लोक त्यांना विचारायचे, पोरीला कोट कशाला शिकवतोस, तिला काय साहेब व्हायचंय? अण्णा म्हणायचे, तिची सुई सरळ जाते, तुझ्या पोराची जात नाही. विषय संपला. त्यांनी मला दोन नियम घालून दिले होते. पहिला असा की कापडाने आपल्या कानात सांगितलेलं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. कपडा उसवला की माणसाचं बरंच काही दिसतं. कोणाचं पोट सुटलं, कोणाच्या खिशात तंबाखू होती, कोणी कोणाचं उसनं घातलं. ते सगळं पोटात ठेवायचं. दुसऱ्या नियमाने माझं दुकान थोडंफार नावारूपाला आलं. तो म्हणजे नाक्याचा.

जुनं कापड आरशासमोर कधी फाटत नाही. आरशासमोर माणूस पोट आत घेऊन, छाती काढून उभा असतो, सगळं झकास दिसतं. फाटतं ते रस्त्यात. लोक बघायला लागले, कोणी हसलं, की माणूस लाजतो. लाजला की खांदे आवळतो, हात पुढे घेतो, आणि सगळा ताण पाठीच्या मधल्या शिवणीवर येतो. पन्नास-साठ वर्षांचा दोरा, तो किती सोसणार? म्हणून माझ्याकडे कपडा तयार झाला की मी गिऱ्हाइकाला सांगते, घाला आणि नाक्यापर्यंत जाऊन या. नाक्यावर वडापावची गाडी आहे, टॅक्सीवाले आहेत, पेपरच्या स्टॉलशेजारी बाकडं आहे आणि बाकड्यावर गिरणीतली रिटायर मंडळी सकाळ-संध्याकाळ बसलेली असतात. तिथून जो धड परत आला त्याचा कपडा पास. मी मागून पाठ बघत असते.

त्या नाक्यावर मी काय काय पाहिलंय म्हणून सांगू! गिरगावची एक मुलगी आली. आजीचं सुती नऊवारी नेसून ऑफिसला जायचंय म्हणाली. मी विचारलं, कुठला सण? म्हणाली, मंगळवार. मला आवडलीच ती. नाक्यावर गेली तर टॅक्सीवाला ओरडला, "ताई, पाडवा झाला ना?" दोन बायकांनी तिला थांबवलं आणि भर रस्त्यात तिचा काष्टा ओढून नीट करायला लागल्या. एकीचं म्हणणं तो असा हवा, दुसरी म्हणे आमच्यात तसा नसतो. मग त्या दोघींचीच जुंपली आणि ही मधे अडकली. पुढे महिन्याभराने आली तेव्हा रडकुंडीला आलेली. ऑफिसात कोणी पाहुणे आले की हिलाच पुढे करून समई लावायला लावायचे म्हणे. "मावशी, मी तिथे अकाउंट्स बघते हो!"

दादरचे एक गृहस्थ वडिलांचं धोतर, लांब कोट आणि काळी टोपी घालून निघाले. त्यांना प्रत्येकाने एकच विचारलं, शूटिंग कुठे आहे? कॉलेजच्या पोरांनी घोळका केला, फोटो काढले, आणि एकाने टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. त्या गृहस्थांनी त्याचं मनगट जे धरलं ते सोडेनात. पोरगं ओरडायला लागलं, माणसं जमली, आता हाणामारी होणार असं वाटून मी हातातल्या कात्रीसकट धावले. ते अगदी हळू बोलत होते. "बाळा, आमच्या घरात मयत झालं की पुरुष डोकं उघडं ठेवतात. माझ्या घरात आज कोणी गेलेलं नाही. टोपी परत माझ्या डोक्यावर ठेव." पोराने गुपचूप ठेवली. कोटाची बगल मात्र उसवली होती.

इतक्या वर्षांत एक कळलं. जुना कपडा घातला की पुरुषाला शिट्टी मिळते आणि बाईला सल्ला. दोघांनाही कोणी विचारत नाही की हा कपडा कोणाचा. ते विचारलं गेलं फक्त एकदा, आणि एका कोटापायी एक लग्न घरच्या सगळ्यात मोठ्या माणसाशिवाय लागायची पाळी आली. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

मागच्या थंडीत सुजात नावाचा एक तरुण आला. उंच, हसरा, बंद गिरणीच्या जागेवर जी ऑफिसं झाली आहेत त्यातल्या एकात काम करणारा. पिशवीतून त्याने आधी एक फोटो काढला, मग कोट. फोटोत त्याचे आजोबा, गिरणी कामगार, कोट घालून ताठ बसलेले. कोट तोच, गडद निळ्या लोकरीचा.

"मावशी, दोन आठवड्यांनी विहारात माझं लग्न आहे. मेघना तिच्या आजीची पांढरी साडी नेसणार आहे, मला हा कोट घालायचाय. आजोबांनी पहिल्या बोनसमध्ये नवा कोरा शिवला होता. आमच्या घरातला पहिला कोट."

मी कोट टेबलावर पसरला आणि माझा हात थांबला. छातीवरचा खिसा उजवीकडे होता.

"मजा आहे ना?" सुजात म्हणाला. "फोटोत खिसा उजवीकडे दिसतो म्हणून आम्हाला वाटायचं फोटो उलटा छापलाय. परवा ट्रंक उघडली तर खरंच उजवीकडे! तेव्हाची फॅशन होती का?"

फॅशन कसली डोंबलाची. पुरुषाच्या कोटाला छातीचा खिसा डावीकडेच असतो, तेव्हाही आणि आजही. उजवीकडे जातो तो एकाच कारणाने, कोट उलटवला की. हे काम आता कोणी करत नाही. पूर्वी चांगल्या लोकरीचा कोट बाहेरून झिजला, चमकायला लागला, की शिंपी तो पूर्ण उसवायचा, प्रत्येक तुकडा पालथा करायचा आणि आतली कोरी बाजू बाहेर आणून पुन्हा शिवायचा. कोट नवा दिसायचा. पण पालथा केल्यावर डावं ते उजवं होतं, त्यामुळे खिसा पलीकडे जातो. काजंही पलीकडे जातात. ती रफू करून बुजवायची आणि डावीकडे नवी पाडायची. मी बोट फिरवलं, उजव्या बाजूला बुजवलेली काजं लागली. इतकं बारीक रफू की डोळ्यांना दिसेना, बोटालाच कळावं. आणि आत जुन्या टाक्यांची भोकं होती, आताच्या शिवणीपासून चांगली दोन बोटं दूर. म्हणजे कोट आधी बराच मोठा होता. कोणा दांडग्या माणसाचा. फोटोतले आजोबा तर काडीसारखे.

नवा कोरा नव्हता तो. कोणाचा तरी अंगावरून उतरलेला होता.

मी अण्णांचा नियम पाळला. म्हटलं, "असेल फॅशन." आणि माप घ्यायला फीत काढली.

"एकच घोळ आहे," तो म्हणाला. "आत्याला हे पसंत नाही. म्हणते, त्या कोटात उभा राहिलास तर मी लग्नाला येणार नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. चिडून बोलते हो, येईल ती."

आत्याचं नाव विचारलं आणि ते ऐकून मी दचकले. कुसुमबाई! म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या कुसुमबाई. आमची अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेली आहे, माझी मुलगीसुद्धा. स्वतःचं लग्न न करता शाळा आणि शाळेनंतर भाऊ, मग भावाचा मुलगा, असं त्यांचं आयुष्य. चिडून काहीतरी बोलणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही. पण मी काय बोलणार? तोंडाला कुलूप लावून बसलेली.

काम चांगलं आठवडाभर पुरलं. कॉलरला कसर लागली होती, ती आतल्या कापडाचा दोरा काढून रफू केली. मुंढे थोडे मोकळे केले. पाठीची शिवण जुनीच ठेवली, टाके धड वाटले म्हणून. कोट सुजातच्या अंगावर असा बसला की मीच दोन पावलं मागे सरून बघत राहिले. आजोबांचेच खांदे.

"जा," मी म्हटलं, "नाक्यापर्यंत जाऊन या."

संध्याकाळची वेळ, नाका भरलेला. वडापावच्या गाडीवरून कोणी ओरडलं, "ओ साहेब, रिसेप्शन कुठे?" सुजातने हात हलवला. दोघा-तिघांनी फोटो काढले. एक मुलगी म्हणाली, किती क्यूट! तो छान चालत होता, खांदे मोकळे. बाकड्यापाशी पोचला आणि बाकड्यावरून जनूकाका उठले.

जनूकाका आमच्याच गावाकडचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर जन्म गेला, कानांनी कमी ऐकतात, म्हणून बोलतात ते अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं. त्यांनी सुजातला आपादमस्तक न्याहाळलं, खिशावर बोट ठेवलं आणि ओरडले, "अरे, ह्यो कोट उलटवलेलो आसा! कोणाचो रे उतरलेलो घातलंस?"

बाकडं हसलं. वडापाववाला हसला. त्यांना तो शब्द काहीच नव्हता. खरं सांगायचं तर मलाही लहानपणापासून काही नव्हता. आमच्या घरात थोरल्याचा शर्ट उतरला की धाकट्याला, शेजारणीचा फ्रॉक उतरला की मला, त्यात लाज कसली? पण सगळ्यांच्या घरात तो शब्द एकाच वजनाचा नसतो. सुजातचा चेहरा उतरला. त्याने खांदे आवळले आणि मी इकडे दुकानाच्या पायरीवरून बघितलं, पाठीची शिवण मधोमध उघडत गेली. पांढरा शर्ट दिसायला लागला. पोरं आणखी हसली.

तो परत आला तो जवळजवळ पळतच. "मावशी, उलटवलेला म्हणजे काय?"

मी फीत गुंडाळायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला बाहेर पाठवलंत आणि तुम्हाला माहीत होतं!"

आता नियम कुठला पाळायचा? मी सांगितलं. कोट आधी दुसऱ्याचा होता, मोठ्या मापाचा, तो उसवून पालथा करून लहान केला. त्याने कोट काढून टेबलावर ठेवला. अगदी सावकाश, दुखऱ्या माणसाला ठेवावं तसा. "आम्ही लहानपणापासून एकच ऐकलं," तो म्हणाला, "आपण कोणाचं उतरलेलं घालत नाही. वाढदिवसाला शेजाऱ्यांनी शर्ट दिला तर आत्याने परत केला होता. आणि ज्यांचा फोटो लावून हे सांगितलं त्यांच्या अंगावर…" तो तसाच निघून गेला. मला माझा इतका राग आला की मी कात्री भिरकावून दिली आणि नंतर टेबलाखाली वाकून तीच शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमबाई आल्या. वडाळ्याहून उन्हातून आलेल्या. पांढरी साडी, निळे काठ, पर्स छातीशी धरलेली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"कोट कुठे आहे?"

तो टेबलावरच होता, पाठ उघडी.

"कोणी कोणी पाहिलं?"

"बाई, नाक्यावर जे असतात ते—"

"किती माणसं होती?"

त्यांनी कोट ओढून घेतला आणि कात्री उचलली. मला काय झालं कोण जाणे, मी कात्रीचं दुसरं टोक धरलं. दोन म्हाताऱ्या एका कात्रीला धरून उभ्या, कोणी बघितलं असतं तर पोलीस बोलावले असते.

"सोडा," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांचा आहे. मी त्याचं काहीही करीन."

"काहीही करा, पण माझ्या दुकानात नाही. आणि त्या पोराला विचारल्याशिवाय तर नाहीच."

"त्याला मी सांगितलं होतं. त्याने माझं ऐकलं नाही. रविवारी तो हा कोट घालणार असेल तर मी येणार नाही, आणि का येणार नाही हे मी त्याला सांगणार नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "उलटवलेला आहे हे."

त्यांची मूठ सुटली. कात्री माझ्याकडे राहिली. त्या स्टुलावर बसल्या आणि मला वाटलं आता रडतील, पण नाही. शाळेत धडा सांगावा तशा सरळ आवाजात बोलायला लागल्या.

"मी होते ना बरोबर. मीच दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर शिंप्याकडे गेले होते. गावाला आमच्या वाट्याला काय यायचं तुम्हाला माहीत आहे? मेलेल्याच्या अंगावरचं कापडसुद्धा. दादा त्यालाच कंटाळून मुंबईला आले. त्यांची एक प्रतिज्ञा होती, उतरलेलं अंगाला लावायचं नाही. ठिगळाचं घालायचे, पण स्वतःचं. मी मॅट्रिक झाले, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नाव लागलं. पालकाला घेऊन या म्हणाले. दादा गिरणीतून थेट आले, अंगावर कापूस. खिडकीतल्या कारकुनाने त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाला, मुली, पालकांना आण, गडी नको."

त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि पुढे सांगायला लागल्या.

"दुसरे दिवशी दादांनी गिरणीतल्या त्यांच्या खात्याच्या मोठ्या मास्तरकडे, म्हणजे साहेबाकडे, त्याचा जुना कोट मागितला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागितलं असेल. शिंप्याने दोन दिवसांत उलटवून दिला. आम्ही निघालो आणि चाळीच्या जिन्यात एकाने ओळखलं. कोणाचा रे उतरलेला घातलास, असं म्हणाला. आमच्याच माणसाने. मी मागे होते. मला दादांची पाठ दिसत होती. खांदे असे आत गेले… पण चालत राहिले. त्या दिवशी त्याच कारकुनाने त्यांना खुर्ची दिली. आणि माझं नाव लागलं."

"मग ही लाज कसली, बाई?"

"माझी!" त्या एकदम ओरडल्या. "माझ्यापायी त्यांनी शब्द मोडला, कळतंय का तुम्हाला? माझ्या पहिल्या पगारात फोटो मी काढायला लावला. नवा शिवला होता असं सगळ्यांना मी सांगितलं. पन्नास वर्षं सांगतेय. आणि काल माझ्या पोराला भर नाक्यात तेच वाक्य ऐकावं लागलं. तेच!"

दारात सावली हलली. सुजात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. डोळे लाल होते त्याचे.

"मला का नाही सांगितलंस, आत्या?"

"काय सांगू? कोणत्या तोंडाने?"

"मग मी नाही घालत," तो म्हणाला. "तू ये फक्त. मी साधा कुर्ता घालीन. कोट राहू दे."

कुसुमबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हाच जय त्यांना हवा होता, तो मिळाला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. त्यांनी कोटाची बाही जवळ ओढली. मग माझ्याकडे वळल्या.

"हा खिसा डावीकडे नेता येईल?"

"येईल," मी म्हटलं. "परत उलटवायचा. मी अण्णांच्या हाताखाली केलेत. रविवारपर्यंत बसून होईल. मग नाक्यावर कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मग तसं करा."

"पण बाई, एक बघून घ्या." मी कोट पालथा केला. आपल्याकडे उकाड्यामुळे कोटाला अर्धंच अस्तर लावायचे, खाली पाठीची आतली बाजू उघडी असते. ती मी उजेडात धरली. झिजून गुळगुळीत झालेली, खुर्चीला टेकून टेकून चकाकणारी. "उलटवला तर ही बाजू वर येईल. मास्तरच्या अंगावर होती ती."

मी गिऱ्हाइकाला कापडाची अडचण सांगते तशी सांगत होते, त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. पण कुसुमबाई उठल्या. त्यांनी आतल्या झिजलेल्या कापडावर बोट फिरवलं. मग कोट सुलटा केला आणि बाहेरच्या निळ्या लोकरीवर तेच बोट फिरवलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"ही बाहेरची बाजू मास्तरने घातलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

"कशी घालणार? ती आत होती. शिंप्याने उसवली तेव्हाच पहिल्यांदा उजेडात आली."

"म्हणजे ही फक्त दादांनी घातली."

"आणि काल मी," सुजात म्हणाला.

आणि मग त्या रडल्या. तोंडावर पदर वगैरे काही नाही, सरळ उभ्या राहून, कोट छातीशी धरून. सुजात त्यांना धरायला गेला तर त्याचाही बांध फुटला. मी निर्लज्जासारखी बघत उभी राहिले आणि माझंही नाक वाहायला लागलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या मुलीला शुद्धलेखनाबद्दल बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "खिसा आहे तिथेच राहू द्या. पाठ पक्की शिवा."

पाठ मी दुहेरी दोऱ्याने शिवली. दोन दिवसांनी दोघं कोट घ्यायला आले. मला वाटलं होतं या खेपेला नाका नको, झालं तेवढं पुरे. तसं म्हटलंही. कुसुमबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला पुन्हा चौथीत बसल्यासारखं झालं.

"नियम आहे ना तुमचा? मग. मी येते त्याच्याबरोबर."

दोघं निघाले. त्यांनी त्याच्या कोपराला धरलं होतं. मी मागे, हातात दोरा ओवलेली सुई. नाका तसाच भरलेला, तीच पोरं, तोच वडापाववाला. कोणीतरी शिट्टी मारली. मला सुजातच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. बाकड्यापाशी जनूकाका होतेच. त्यांनी मान वर केली आणि उठायला लागले. मी मनात म्हटलं, मेल्या, आज तोंड उघडलंस तर याद राख.

कुसुमबाईच थांबल्या. "त्या दिवशी तुम्हीच बोललात ना? कोट उलटवलेला आहे म्हणून?"

मोठ्याने बोलल्या, बाकड्याला ऐकू जाईल असं.

"होय बाय," जनूकाका म्हणाले. "मी आपला गमतीन—"

"बरोबर ओळखलंत. या इकडे. आतून बघा." आणि भर नाक्यावर त्यांनी सुजातच्या कोटाचा मागचा काठ उचलून आतली बाजू त्यांच्यापुढे धरली. जी गोष्ट पन्नास वर्षं ट्रंकेत दडवली ती. "ही साहेबाची बाजू. आणि ही वरची, माझ्या वडिलांची. मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घालायला आले होते हा घालून."

जनूकाकांनी हात लेंग्याला पुसले आणि कापड चिमटीत धरून बघितलं. सोडेचनात. मग पहिल्यांदाच मी त्या माणसाला हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"माझ्या बापाशीचो पण असोच होतो. म्हणान तर ओळखलंय. आमी पोरां हसायचो तेका."

"कुठे आहे तो आता?" कुसुमबाईंनी विचारलं.

"खंय आसतलो?" जनूकाकांनी कोट सोडला आणि काठ आपल्या हाताने सारखा केला. "बापूस गेलो, तेव्हा बोहारणीक दिलंव. एका टोपाच्या बदल्यात."

कोणी हसलं नाही. कुसुमबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "रविवारी लग्न आहे याचं. या." मग सुजातला म्हणाल्या, "चल."

ते वळले आणि माझ्या दिशेने चालत आले, माझ्या बाजूने पुढे गेले. मी पाठ बघितली. एक टाका हलला नव्हता.